पृथ्वी फिरते, हे ठरवायचं कुणी?

१६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला. त्याच्या जबान्या आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. त्या वाचताना एक गोष्ट चटकन जाणवते. पृथ्वी खरंच सूर्याभोवती फिरते का, हा प्रश्न त्या खटल्यात तपासलाच गेला नाही. कुणी दुर्बीण मागवली नाही, कुणी आकडेमोड मांडली नाही. सगळी चौकशी एकाच मुद्द्यावर झाली: सतरा वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, तुम्हाला नेमकं काय बजावलं होतं आणि तुम्ही ते पाळलं का?

शाळेच्या पुस्तकात ही हकिगत चार ओळींत उरकते. एक शहाणा शास्त्रज्ञ, समोर अडाणी धर्मगुरू, मग शिक्षा. प्रत्यक्षात समोरची माणसं अडाणी नव्हती. त्यांच्यातले काही जण उत्तम गणिती होते. आणि म्हणूनच हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. हुशार, अभ्यासू, सद्हेतू बाळगणारी माणसं एका संस्थेत बसून निसर्गाबद्दलचा प्रश्न हुकुमाने कसा मिटवायला जातात, ते इथे कागदोपत्री दिसतं.

मुळात कॅथलिक चर्चला खगोलशास्त्राची गरजच होती. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी धरतात. तो काढायचा तर सूर्य आणि चंद्र दोघांचंही गणित यायला हवं. सोळाव्या शतकापर्यंत जुन्या कॅलेंडरातली चूक साचत साचत दहा दिवसांवर गेली होती. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ती दुरुस्त करवली: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. आज आपल्या भिंतीवर असतं ते हेच कॅलेंडर. त्यामागच्या गणिताची बाजू सांभाळणाऱ्यांत क्रिस्तोफर क्लाव्हियस हा जेझुइट पंथाचा पाद्री होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती, हे सविस्तर गणितासह मांडणारा कोपर्निकस स्वतः चर्चच्या सेवेतला माणूस होता. त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला, आणि तो अर्पण केला होता पोप तिसऱ्या पॉलला. त्यावर लगेच बंदी आली नाही. ग्रंथाला निनावी प्रस्तावना जोडली होती, ओसियांडर नावाच्या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने. तिचा आशय असा, की हे सगळं आकडेमोडीच्या सोयीसाठी आहे, खरं मानायची गरज नाही. पुढची सत्तर वर्षं बहुतेकांनी तसंच मानलं. पृथ्वी फिरते असं धरून गणित करा, हरकत नाही. पृथ्वी फिरते असं म्हणू नका. सगळं भांडण या एका भेदावर पेटलं.

जानेवारी १६१० च्या रात्री

पादुआच्या विद्यापीठात गणित शिकवणारा गॅलिलिओ १६०९ मध्ये स्वतः भिंगं घासून दुर्बिणी बनवायला लागला. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याने ती गुरूकडे वळवली. ग्रहाजवळ तीन बारीक तारे दिसले, एका रेषेत: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याला वाटलं, मागे दूरवर असलेले नेहमीचे तारे असतील. दुसऱ्या रात्री पाहिलं तर तिन्ही पश्चिमेला. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर गुरू सरकतो हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवसांत पंचांगाच्या हिशेबाने गुरू उलट्या दिशेने सरकायला हवा होता. ९ तारखेला ढग आले. १० तारखेला दोनच तारे, तेही पूर्वेला. तिसरा कुठे गेला? गुरूच्या मागे दडला असणार. १३ तारखेला चार दिसले.

त्याच्या वहीत हे सगळं बारक्या चित्रांनी नोंदलेलं आहे. मधे एक गोल, आजूबाजूला टिंबं, रोजची मांडणी वेगळी. ती पानं ओळीने पाहत गेलं की माणूस विचार कसा बदलतो ते दिसतं. आधी तारे, मग काहीतरी गोंधळ आहे अशी शंका, आणि शेवटी निश्चय: हे चार उपग्रह आहेत आणि ते गुरूभोवती फिरताहेत. म्हणजे विश्वातली प्रत्येक गोष्ट पृथ्वीभोवतीच फिरते हे काही खरं नाही. मार्चमध्ये व्हेनिसला त्याची छोटी पुस्तिका छापून निघाली. चंद्रावर डोंगर आहेत, आकाशगंगा म्हणजे असंख्य तारे आहेत, हेही तिच्यात होतं. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला शुक्राच्या कला दिसल्या. शुक्र चंद्रासारखा कोरीपासून पूर्ण बिंबापर्यंत बदलतो. पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्राचं पूर्ण बिंब दिसणं शक्यच नव्हतं. तो सूर्याभोवती फिरत असेल तरच हे घडतं.

चर्चने काय केलं? कार्डिनल बेलार्मिनो याने रोममधल्या जेझुइट महाविद्यालयातल्या गणितज्ञांना विचारलं, हे खरं आहे का. क्लाव्हियस तेव्हा म्हातारा झाला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि एप्रिल १६११ मध्ये कळवलं की निरीक्षणं बरोबर आहेत. चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत आहे, हे मात्र क्लाव्हियसला पटेना. त्या वर्षी गॅलिलिओचं रोममध्ये स्वागत झालं. तोवर भांडण नव्हतं.

पुरावा कुठे अडला होता

इथे थोडं थांबायला हवं, कारण गॅलिलिओच्या बाजूने बोलणारे बरेच लोक हा भाग गाळतात. शुक्राच्या कलांनी टॉलेमी चुकीचा ठरला, पण कोपर्निकस बरोबर ठरला नाही. मधे आणखी एक मांडणी होती. डेन्मार्कचा टायको ब्राहे म्हणत होता की बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि त्या सगळ्यांना घेऊन सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. या मांडणीतही शुक्राच्या कला तशाच दिसतात. गुरूचे उपग्रहही बसतात. जेझुइट पुढे तिच्याकडे वळले ते याचमुळे.

टायकोचा मुख्य आक्षेप ताऱ्यांचा होता. हाताचं बोट डोळ्यांसमोर धरून एकेक डोळा मिटा, बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जात असेल, तर जवळचे तारेही लांबच्या ताऱ्यांवर असेच सरकलेले दिसायला हवेत. खगोलशास्त्रात याला पराशय म्हणतात. टायकोने दुर्बिणीच्या आधीच्या काळातली सर्वांत अचूक मोजमापं केली होती, पण त्याला पराशय मिळाला नाही. कोपर्निकसवाद्यांचं उत्तर असं, की तारे अतोनात दूर आहेत म्हणून तो दिसत नाही. त्यावर टायको म्हणे: इतक्या लांबूनही ते ठिपक्याएवढे दिसत असतील, तर एकेक तारा पृथ्वीच्या सगळ्या कक्षेएवढा अवाढव्य असायला हवा. ताऱ्यांचा तो दिसणारा आकार हा डोळ्याचा आणि प्रकाशाचा खेळ आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

कोपर्निकसवाद्यांचं उत्तर खरं होतं. पण पराशय खात्रीने मोजला गेला तो १८३८ मध्ये, बेसेलने, ६१ सिग्नी या ताऱ्याचा. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा, एवढा तो कोन होता. १६१० च्या दुर्बिणीला तो दिसणं केवळ अशक्य.

गॅलिलिओने दुसरा पुरावा शोधला: भरती-ओहोटी. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती अशी दुहेरी फिरते म्हणून समुद्राचं पाणी हिंदकळतं, असं त्याचं म्हणणं. ते चूक होतं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने भरतीचं कारण चंद्र असल्याचं म्हटलं होतं, पण गॅलिलिओने ते पोरकट ठरवलं. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत, हा केप्लरचा १६०९ मधला शोधही त्याने कधी जवळ केला नाही.

बायबलचा अर्थ लावायचा अधिकार

मूळ वाद ग्रहांचा होता, पण ठिणगी पडली बायबलवरून. जुन्या करारात यहोशवाच्या पुस्तकात युद्ध चालू असताना यहोशवा सूर्याला थांबायला सांगतो आणि सूर्य थांबतो. सूर्य मुळात फिरतच नसेल तर त्याला थांब कसं म्हणणार? १६१३ च्या डिसेंबरात तोस्कानाच्या राजमाता क्रिस्तिना यांनी पिसातल्या एका जेवणाच्या वेळी गॅलिलिओच्या शिष्याला, कास्तेल्लीला, हाच प्रश्न विचारला. गॅलिलिओने त्याला लांबलचक पत्र लिहिलं, आणि १६१५ मध्ये तेच विस्तारून राजमातेच्या नावे लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. बायबल सामान्य माणसाला समजेल अशा बोलीत लिहिलं आहे, ते मोक्षाचा मार्ग सांगायला. निसर्गही देवानेच लिहिला आहे. निरीक्षणाने एखादी गोष्ट सिद्ध झाली तर बायबलच्या त्या ओळीचा आपण लावलेला अर्थ चुकला, असं समजावं. कार्डिनल बारोनियोचं एक वाक्यही त्याने जोडलं: पवित्र आत्मा स्वर्गात कसं जायचं ते शिकवतो, आकाश कसं चालतं ते नव्हे.

आज हे वाचताना वाटतं, यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? आक्षेप होता तो काळामुळे. ल्यूथरच्या बंडाने युरोप दुभंगला होता. बायबल ज्याने त्याने स्वतः वाचावं, हे त्या बंडाचं एक मूळ. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ठरवलं होतं की प्राचीन धर्माचार्यांच्या एकमताविरुद्ध कुणीही बायबलचा अर्थ लावू नये. आणि इथे एक गणितज्ञ, धर्मशास्त्राचं शिक्षण नसलेला, अर्थ कसा लावावा ते सांगत होता.

१६१५ च्या फेब्रुवारीत लोरिनी नावाच्या डॉमिनिकन पाद्रीने कास्तेल्लीच्या पत्राची नक्कल रोमला पाठवून तक्रार केली. एप्रिलमध्ये बेलार्मिनोने फोस्कारिनी या कोपर्निकसवादी पाद्रीला लिहिलेलं पत्र या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विचारी कागद आहे. तो म्हणतो: पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा असेल, तर बायबलच्या त्या वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आणि ती खोटी आहेत म्हणण्यापेक्षा ती आपल्याला कळली नाहीत असं म्हणावं लागेल. पण असा पुरावा आहे असं, कुणी मला दाखवेपर्यंत, मी मानणार नाही.

आजकाल हे पत्र पुढे करून असं सांगितलं जातं की बेलार्मिनो खरा वैज्ञानिक वृत्तीचा होता आणि गॅलिलिओच उतावळा. मला हे पटत नाही. पुरावा अपुरा आहे म्हणणं हा वादाचा भाग झाला, आणि पुरावा अपुरा होताच. पण अपुऱ्या पुराव्याला उत्तर म्हणजे आणखी निरीक्षणं, आणखी वाद. चर्चने केलं ते वेगळंच. २४ फेब्रुवारी १६१६ ला अकरा धर्मशास्त्र्यांनी मत दिलं: सूर्य स्थिर आहे हे विधान तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मूर्खपणाचं आणि सरळ सरळ पाखंडी आहे. त्या अकरांत एकही खगोलशास्त्रज्ञ नव्हता. ५ मार्चला हुकूम निघाला. फोस्कारिनीच्या पुस्तकावर पूर्ण बंदी, आणि कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त्या होईपर्यंत स्थगित. १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी आली. पृथ्वी खरोखर फिरते असं जिथे ठामपणे म्हटलं होतं, तिथे शाई फिरवायची, बाकी गणित ठेवायचं. पुरावा मागायचा आणि तो शोधण्याची वाटही बंद करायची, असं झालं.

गॅलिलिओवर खटला चालवणारं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, १५४२ मध्ये पोपने रोमला स्थापन केलेलं. गोव्यात १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचं, त्याचा कारभार निराळा. गोव्याचा या कथेशी असलेला धागा दुसराच आहे. लिस्बनहून निघालेलं एक जहाज १६१८ च्या ऑक्टोबरात गोव्याला लागलं. त्यात चीनला निघालेले जेझुइट होते. एक योहान श्रेक, गॅलिलिओ ज्या अकादमीचा सदस्य होता तिचाच एकेकाळचा सदस्य. दुसरा वेंझेल किर्विट्झर. थोड्याच दिवसांत आकाशात धूमकेतू दिसले. गोव्यातून त्यांची निरीक्षणं झाली, आणि किर्विट्झरच्या नोंदी १६२० मध्ये युरोपात छापून आल्या. तिकडे इटलीत १६१८ च्याच धूमकेतूवरून गॅलिलिओचं जेझुइट ग्रास्सीशी कडाक्याचं भांडण झालं. ग्रास्सी म्हणत होता की धूमकेतू चंद्राच्या पलीकडे आहे. गॅलिलिओला तो प्रकाशाचा भास वाटत होता. ग्रास्सीचं बरोबर होतं. पण गॅलिलिओने त्याला लेखणीने असं फोडून काढलं, की ज्या जेझुइटांनी १६११ मध्ये त्याची बाजू घेतली होती ते त्याला दुरावले. पुढे त्याला त्यांची गरज पडली तेव्हा तिकडून कुणी आलं नाही.

दोन कागद

१६२३ मध्ये माफेओ बार्बेरिनी आठवा अर्बन या नावाने पोप झाला. हा गॅलिलिओचा चाहता. त्याच्यावर लॅटिन कविताही केलेली. १६२४ मध्ये दोघांच्या सहा भेटी झाल्या. अर्बनचं एक लाडकं म्हणणं होतं: देव सर्वशक्तिमान आहे, तो भरती-ओहोटी आणखी कितीतरी तऱ्हांनी घडवू शकेल, तेव्हा माणसाने हेच खरं कारण असा हट्ट धरू नये. दोन्ही मतं तुलनेसाठी मांडायला हरकत नव्हती.

गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथ फेब्रुवारी १६३२ मध्ये फ्लोरेन्सला छापला गेला, परवान्यांसह. लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या इटालियनमध्ये. तिघे जण चार दिवस बोलतात, आणि जुन्या मताचा सिम्प्लिचियो दर वेळी निरुत्तर होतो. पोपचं ते लाडकं म्हणणं शेवटी येतं, पण सिम्प्लिचियोच्याच तोंडी. अर्बन भडकला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या तीस वर्षांच्या युद्धात तो प्रोटेस्टंटांबद्दल मऊ आहे, असा आरोप स्पेनच्या बाजूच्या कार्डिनल बोर्जाने त्याच वर्षी मार्चमध्ये भर सभेत केला होता. अशा वेळी धर्माच्या बाबतीत आपण ढिले दिसणं त्याला परवडणारं नव्हतं.

मग जुन्या फायलीतून १६१६ चा एक कागद निघाला. त्यात लिहिलं होतं: गॅलिलिओने हे मत धरू नये, शिकवू नये, कोणत्याही प्रकारे त्याचं समर्थन करू नये, तोंडी वा लेखी. त्यावर गॅलिलिओची सही नाही. गॅलिलिओकडे दुसरा कागद होता, बेलार्मिनोने २६ मे १६१६ ला स्वतःच्या सहीने दिलेला. त्याचा आशय: या माणसाला कसलीही शिक्षा झालेली नाही, त्याने काही शपथेवर नाकारलेलं नाही, फक्त हे मत धरता येणार नाही वा त्याचं समर्थन करता येणार नाही हा निर्णय त्याला कळवला. ‘कोणत्याही प्रकारे’ आणि ‘शिकवणे’ हे शब्द त्यात नाहीत. १२ एप्रिल १६३३ च्या पहिल्या जबानीत गॅलिलिओने सांगितलं की ते जास्तीचे शब्द आपल्याला आठवत नाहीत. बेलार्मिनोला विचारणार कसं? तो १६२१ मध्येच वारला होता.

चौकशी करणारा माकुलानो खासगीत येऊन बोलला, आणि ३० एप्रिलला गॅलिलिओने कबूल केलं की पुस्तक पुन्हा वाचल्यावर कोपर्निकसची बाजू जरा जास्तच जोरकस झाल्याचं दिसलं; दोष आपल्या फुशारकीचा. त्याला वाटलं एवढ्यावर भागेल. भागलं नाही. २१ जूनला छळाची भीती घालून पुन्हा जबानी घेतली. २२ जूनला मिनेर्वाच्या मठात निकाल लागला: पाखंडाचा तीव्र संशय. ६९ वर्षांच्या माणसाने गुडघे टेकून आपलं मत शापिलं. दहा कार्डिनलांपैकी तिघांची निकालावर सही नाही, आणि त्यात पोपचा पुतण्या फ्रान्चेस्को बार्बेरिनीही आहे. उठताना गॅलिलिओ “तरीही ती फिरतेच” असं पुटपुटला, ही दंतकथा आहे. ती छापून आली १७५७ मध्ये, सव्वाशे वर्षांनी.

शिक्षेत आठवड्यातून एकदा सात प्रायश्चित्ताची स्तोत्रं म्हणायची होती, तीन वर्षं. त्याची मुलगी मारिया चेलेस्ते मठात साध्वी होती. तिने ते म्हणणं स्वतःकडे घेतलं. १६३४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. गॅलिलिओ आर्चेत्रीच्या घरात नजरकैदेत राहिला. तिथेच त्याने गतीच्या शास्त्रावरचा आपला सर्वांत भक्कम ग्रंथ पुरा केला. तो १६३८ मध्ये छापला गेला हॉलंडमधल्या लायडनला, रोमच्या हाताबाहेर. तोवर त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ ला तो वारला.

नजरकैदेतल्या त्या वर्षांनंतर इटलीतलं आकाशनिरीक्षण थांबलं नाही. १६५५ मध्ये कास्सिनीने बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चच्या छताला भोक पाडून फरशीवर ६७ मीटर लांबीची रेघ आखली आणि सूर्याचं बिंब वर्षभर मोजलं. त्या मोजमापाने केप्लरच्या सिद्धांताला बळ दिलं. मोजायला मुभा होती. त्यातून निघणारा निष्कर्ष मोठ्याने म्हणायला नव्हती.

ब्रॅडलीने १७२९ मध्ये ताऱ्यांच्या जागेतला असा बदल जाहीर केला, जो पृथ्वीच्या गतीवाचून समजावता येत नाही. चर्चच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या १७५८ च्या यादीतून सर्वसाधारण बंदी गळली, पण कोपर्निकस, केप्लर आणि गॅलिलिओची नावं राहिली. १८२० मध्ये रोममधल्याच प्राध्यापक सेत्तेलेला पाठ्यपुस्तक छापायचं होतं. पृथ्वी फिरते हे तथ्य म्हणून लिहिलंय, सबब परवाना नाही, असं सांगितलं गेलं. त्याने वर दाद मागितली आणि जिंकला. १८३५ च्या यादीत ती नावं नव्हती.

३१ ऑक्टोबर १९९२ ला पोप दुसऱ्या जॉन पॉलने या प्रकरणावर भाषण केलं. बायबलचा अर्थ कसा लावावा हे गॅलिलिओला विरोधी धर्मशास्त्र्यांपेक्षा जास्त कळलं होतं, असं त्यांनी मान्य केलं. ते मोलाचं आहे. पण भाषणाचा रोख धर्मशास्त्र्यांच्या समजुतीतल्या चुकीवर होता. पृथ्वीच्या गतीबद्दल निकाल देण्याचा त्या न्यायालयाला मुळात अधिकार होता का, हा प्रश्न त्यात कुणी विचारला नाही.